तुरुंगाची भीती की माणसावरचा विश्वास? 'दो आँखें बारह हाथ' पुन्हा पाहताना

यावलला व्याख्यान द्यायचं म्हटलं की विषय केळीच्या भावाचा नसेल तर लोक येतील का, अशी धास्ती असते. आज तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार.

विषय तुम्हाला कळवला होता: तुरुंगाने गुन्हा थांबतो, की माणूस सुधारल्याने? गेली बरीच वर्षं हा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवला. पण आज वर्गातल्यासारखं चार सिद्धांत फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं नाही. आज एक चित्रपट समोर ठेवायचा आहे आणि त्याची नीट उलटतपासणी करायची आहे. चित्रपट तुमच्या परिचयाचा आहे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ', साल 1957. आम्ही तो पहिल्यांदा जत्रेतल्या तंबूत पाहिला, जमिनीवर बसून. शेवटी आमच्या शेजारचा एक धिप्पाड पैलवान माणूस उपरण्याने डोळे पुसत होता, ते अजून आठवतं.

हा चित्रपटच का? कारण या विषयावर महाराष्ट्रात कुठेही चर्चा निघाली, की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "अहो, 'दो आँखें बारह हाथ' पाहा ना!" म्हणजे आपल्याकडे हा चित्रपट पुरावा म्हणून वापरला जातो. चित्रपट म्हणून तो थोर आहे, यात वाद नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याला मान मिळाला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण पुरावा म्हणून तो टिकतो का? हे विचारणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. उलट इतक्या गंभीर कलाकृतीला एवढा मान आपण द्यायलाच हवा.

गोष्ट थोडक्यात सांगतो. आदिनाथ नावाचा जेलर खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी मागून घेतो. त्यांना एका उजाड माळावर नेतो. बेड्या नाहीत, भिंत नाही. दिवसभर काम, संध्याकाळी प्रार्थना. माळावर भाजी पिकते. हे लोक ती बाजारात स्वस्त विकतात, म्हणून तिथला व्यापारी चिडतो. मारहाण होते, पण हात उचलायचा नाही असा शब्द दिलेला असतो, तो ते पाळतात. शेवटी पिकात बैल सोडले जातात आणि त्यांना अडवताना आदिनाथ मरतो. सहा जण मोकळे सुटू शकत असतात, तरी ते त्याच शेतावर राहतात. कथा ग. दि. माडगूळकरांची.

ही कथा हवेतून आलेली नाही. तिच्या मागे एक खरा प्रयोग आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातला आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, 1939 साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात तेव्हा बरंच काही घडत होतं. राजानेच आपला अधिकार प्रजेकडे सोपवला होता आणि गांधीजी त्यात सल्ला देत होते. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर तिथे होता. आपण त्याला भारतानंद या नावानेही ओळखतो. कैद्यांना भिंतीबाहेर ठेवून शेती करू द्यावी, ही कल्पना त्याची.

आता चित्रपटाकडे. आमचे आक्षेप तीन आहेत.

पहिला आक्षेप 'दो आँखें'बद्दलच. कैदी एकदा रात्री पळून जायला निघतात आणि परत येतात. का येतात? आदिनाथचे डोळे त्यांचा पाठलाग करतात म्हणून. प्रेक्षक म्हणून आपण हेलावून जातो. पण जरा थांबा. कुणीतरी आपल्याला सतत पाहतंय, या जाणिवेने माणूस सरळ वागतो, ही कल्पना तुरुंगाच्या इतिहासात जुनी आहे. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने अठराव्या शतकाच्या शेवटी गोल तुरुंगाचा आराखडा मांडला. मध्ये मनोरा, भोवती कोठड्या. मनोऱ्यातला पहारेकरी कैद्याला दिसत नाही, पण तो आपल्याला पाहत असेल ही शंका कैद्याच्या मनातून जात नाही. हळूहळू पहारेकऱ्याची गरजच उरत नाही, तो कैद्याच्या डोक्यातच जाऊन बसतो. मग आदिनाथचे डोळे आणि बेंथमचा मनोरा यात फरक काय?

फरक आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. बेंथमचा पहारेकरी लपलेला आहे. आदिनाथ समोर आहे, उन्हात बरोबरीने राबतो, आणि शेवटी त्यांच्या पिकासाठी जीव देतो. त्याची नजर ओळखीच्या माणसाची आहे. बापाच्या नजरेला मुलगा घाबरतो, तेव्हा त्या घाबरण्यात दुखावू नये ही इच्छाही असते. तरीही प्रश्न उरतो, बरं का. सहा माणसं सुधारली ती एका संतासारख्या माणसामुळे. आपल्या राज्यातल्या तुरुंगांना असे आदिनाथ किती पुरवणार? संतावर उभी राहिलेली व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे, तो योगायोग.

दुसरा आक्षेप. हे सहा जण गावी कधी जातच नाहीत. चित्रपट संपतो तो शेतावर. पण सुधारणेची परीक्षा शेतावर होत नाही. ती होते शिक्षा संपल्यावर, एस.टी.तून उतरून माणूस आपल्या गल्लीत शिरतो तेव्हा. तिथे चित्रपट आपल्याला नेत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड. ज्यांचे खून झाले, त्यांची घरं या गोष्टीच्या मध्यभागी कुठेच नाहीत. आपण कैद्यांवर प्रेम करू लागतो आणि मेलेल्यांना विसरतो. एखादी विधवा तंबूत आमच्या शेजारी बसली असती, जिचा नवरा बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीने मारला गेला, तर तिने डोळे पुसले असते का? "सुधारणा, सुधारणा" म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी या बाईला आधी उत्तर दिलं पाहिजे. ते न देता केलेली करुणा ही स्वस्त करुणा.

आता या आक्षेपांनंतर तुम्ही म्हणाल, सर, म्हणजे तुम्ही तुरुंगाच्या बाजूचे झालात. थांबा. आता त्या बाजूचीही उलटतपासणी करू.

धाक हवा, हे म्हणणं अडाणी नाही. आपल्याकडे कौटिल्याने ते नीट मांडलंय. फार कठोर दंड करणाऱ्या राजाला लोक घाबरतात आणि उबगतात, फार मऊ दंड करणाऱ्याला कुणी विचारत नाही, योग्य दंड करणाऱ्याला मान मिळतो, असा त्याचा आशय. युरोपात 1764 साली बेकारिया या इटालियन विचारवंताने छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात एक गोष्ट सांगितली, जी पुढच्या अभ्यासांनी पुष्कळ उचलून धरली. शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणात नसतो, तो तिच्या खात्रीत असतो. गुन्हा केला की पकडले जाणार, आणि लवकर निकाल लागणार, हे माहीत असेल तर लहान शिक्षाही पुरते. दहातला एकच पकडला जाणार असेल, तर फाशीची तरतूदही उरलेल्या नऊ जणांना रोखत नाही. शेतकरी माणसाला हे समजवायला लागत नाही. कुंपणाला रोज वीज असेल तर हलक्या झटक्यानेही रानडुक्कर फिरकत नाही. वीज आठवड्यातून एकदाच येत असेल, तर झटका कितीही मोठा ठेवा, डुक्कर बाग उद्ध्वस्त करणारच.

आता आपल्या तुरुंगांकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा आहे. 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 न्यायाधीन बंदी. म्हणजे शंभरातले सुमारे शहात्तर असे, की ज्यांचा खटलाच संपलेला नाही. दोषी की निर्दोष, ते अजून कुणी ठरवलेलं नाही. जागा होती 4,36,266 माणसांची, म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस.

या आकड्यांचा अर्थ लावू. तुरुंग समाजाला एक संदेश देतो, असं धाकवादी म्हणतात. मान्य. पण शंभरातले शहात्तर निकालाशिवाय आत असतील, तर तो संदेश कोणता? "गुन्हा केलास तर आत जाशील" हा नव्हे. तो संदेश असा: "जामिनाला माणूस आणि पैसा नसेल तर आत जाशील." गरिबाला तो बरोबर ऐकू जातो. आणि ज्याच्याकडे दोन्ही आहे, त्यालाही तो बरोबर ऐकू जातो. म्हणजे आपला तुरुंग सुधारणेत नापास आहे ही तर जुनी तक्रार, पण तो स्वतःच्या विषयात, धाकातही, नापास आहे. एक गोष्ट तो करतो, ती कबूल केली पाहिजे. धोकादायक माणूस आत आहे तोवर बाहेरच्यांना त्याच्यापासून बचाव मिळतो. काही माणसांच्या बाबतीत हे लागतंच. पण बहुतेक माणसं कधी ना कधी बाहेर येतात.

इथे एक लाडका युक्तिवाद बाजूला काढू, कारण तो आपल्या खानदेशाच्या अभिमानाशी जोडलेला आहे. लोक म्हणतात, तुरुंग वाईट कसा? 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, 'गीता प्रवचने' झाली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिलं. सगळं खरं. पण यावरून तुरुंग माणूस घडवतो हे सिद्ध होत नाही. ही माणसं घडूनच आत गेली होती. विनोबांना विनोबा तुरुंगाने केलं नाही. आणि बाहेर आल्यावर त्यांचं काय झालं? गावोगाव सत्कार झाले. भाकरी चोरून सहा महिने आत राहिलेला माणूस बाहेर येतो, तेव्हा हार घेऊन कुणी उभं नसतं. एकच इमारत, पण तिच्या दाराबाहेर दोन वेगळे समाज उभे असतात.

मग सुधारणावाद्यांचं सगळं खरं मानायचं का? तिथेही सावध राहू. एक, पुराव्याचा प्रश्न. खुल्या कारागृहात पाठवायचे बंदी निवडून घेतलेले असतात, चांगली वागणूक असलेले. ते पुन्हा गुन्हा करत नाहीत, याचं श्रेय खुल्या कारागृहाचं किती आणि निवडीचं किती? हा प्रश्न प्रामाणिक माणसाने स्वतःलाच विचारायचा. अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांनी 1974 साली सुधारणेच्या कार्यक्रमांचा आढावा घेतला. लोकांनी त्याचं सार काढलं, "काहीच चालत नाही." राजकारण्यांना ते फार आवडलं. पाच वर्षांनी मार्टिन्सन यांनी स्वतःच ते मत सौम्य केलं. काही कार्यक्रम काही माणसांवर, काही परिस्थितीत, चालतात. पण तोवर पहिली घोषणा गावभर झाली होती. दुसरी कुणी ऐकली नाही.

दोन, सुधारणेच्या नावाखाली जुलूमही होतो. हे आपल्या मातीत झालेलं आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. जन्माला आलेलं मूल गुन्हेगार! सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली. तिचं नाव काय होतं? सेटलमेंट. हेतू काय सांगितला? या लोकांना काम शिकवून सुधारायचं. कायदा रद्द झाला 1952 साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. शिक्षेला निदान शेवट असतो, दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. सुधारणेला शेवट कोणता? "तू अजून सुधारला नाहीस" असं म्हणत माणसाला जन्मभर ठेवता येतं. गांधीजी म्हणत, गुन्हेगाराला रोगी समजा आणि तुरुंगाला इस्पितळ. त्यामागची माया आम्हाला कळते. पण रोग्याला आपल्या रोगाची जबाबदारी घ्यावी लागत नाही, आणि डॉक्टर सोडेल तेव्हाच तो घरी जातो. गुन्हेगाराला रोगी म्हणताना आपण त्याचा दोष काढून घेतो, आणि त्याबरोबर त्याचं माणूसपणही थोडं काढून घेतो. मी केलं, मी भोगेन, मी फेडेन, असं म्हणण्याचा अधिकार माणसाला असतो. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाचं मोठेपण इथे आहे. त्याचं फाशीचं समर्थन आम्हाला पटत नाही. पण माणसाला दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं साधन करू नका, इतरांना धडा मिळावा म्हणूनही नाही, हे त्याचं म्हणणं धाकवाद्यांनी आणि सुधारणावाद्यांनी, दोघांनीही ऐकायला हवं.

तर आमचं मत काय? ते तीन वाक्यांत बसतं. शिक्षा का? दोष सिद्ध झाला म्हणून, आणि त्या विधवेला समाजाचं देणं लागतं म्हणून. किती? गुन्ह्याच्या मापात, तसूभर जास्त नाही. कशी? माणूस परत येणार आहे हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवून. धाक आणि सुधारणा यांचं भांडण आपण लावतो, कारण दोघांना एकाच प्रश्नाचं उत्तर समजतो. प्रश्न वेगळे आहेत. धाकाचं काम पोलीस चौकीत आणि कोर्टात व्हायचं आहे, वेळेवर तपास आणि वेळेवर निकाल यांतून. ते तिथे होत नाही, म्हणून आपण ते तुरुंगाच्या भिंतीकडून आणि वर्षांच्या आकड्याकडून मागतो. भिंत ते देऊ शकत नाही.

हे आपल्या खानदेशाला नवीन नाही. 1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला आणि सातपुड्यातल्या भिल्लांवर फौजा पाठवल्या. मारलं, पकडलं, शिक्षा दिल्या. सात वर्षांत थांबलं नाही. 1825 साली धोरण बदललं. जुन्या गुन्ह्यांना माफी, कसायला जमीन, आणि धरणगावला आउट्रमने उभी केलेली भिल्ल पलटण. ज्यांच्यापासून वाटा राखायच्या, त्यांच्याच हाती वाटा राखायचं काम दिलं. यात इंग्रजांचा स्वार्थ होता, आणि भिल्लांच्या डोंगरावर त्यांचा हक्क काय होता हा प्रश्न राहतोच. आउट्रमनेही आधी तलवार दाखवली होती. पण सात वर्षांच्या नुसत्या बंदुकीने जे झालं नाही, ते जमीन, काम आणि विश्वास आल्यावर होऊ लागलं, एवढं तरी दिसतं.

आता पुन्हा चित्रपटाकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे हुकला आहे. स्वतंत्रपूरमध्ये बंदी कुटुंबासह राहतात. बायको, मुलं, शेत, गुरं. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, राजा गेला, फ्रीडमन गेला, वसाहत राहिली. सरकारी खात्याची झाली, लहान राहिली, पण राहिली. कुणी संत लागला नाही. नियम लागले, जमीन लागली, घरच्या माणसांची सोबत लागली. शांतारामांनी यातून मोठा नायक काढला, तो पडद्याला हवाच असतो. पण तसं करताना प्रयोगाचा प्राण गेला. खऱ्या स्वतंत्रपूरमध्ये माणसावर लक्ष ठेवतात ते त्याच्या बायकोचे आणि पोरांचे डोळे, आणि ते जेलरच्या डोळ्यांपेक्षा जास्त टिकतात. संचित रजा आणि अभिवचन रजा यांच्याकडेही आम्ही असंच पाहतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती रजेवर गेलेला परत न आलेल्याची. मुदत संपल्यावर पिशवी घेऊन, आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारात उभा राहणाऱ्याची बातमी होत नाही. पण भिंतीशिवाय माणूस शब्द पाळतो, याचा पुरावा तोच.

शेवटी एक गोष्ट, आमच्याच बाबतीतली. सांगू नये असं बरेच दिवस वाटत होतं. काही वर्षांपूर्वी एक माणूस आमच्या घरी आला. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेला. आमच्या भावाच्या केळीच्या बागेत रात्रीच्या राखणीला माणूस हवा होता, ते त्याला कळलं होतं. आम्ही चहा दिला, आदराने बोललो. म्हटलं, "पाहू, कळवतो." तेव्हा आम्ही याच विषयावर महाविद्यालयात भाषणं देत होतो. बेकारिया, कांट, गांधी, सगळे तोंडपाठ. आम्ही कळवलं नाही. तो दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही. पुढे कळलं, तो सुरतेकडे गेला. त्यापुढचं आम्हाला माहीत नाही.

त्याने पुन्हा काही केलं असेल, तर नोंद होईल ती त्याच्या नावावर. आमच्या "पाहू"ची नोंद कुठल्या वहीत होणार? तुरुंग सुधारतो का, हे विचारायचा हक्क आम्ही त्या दिवशी थोडा गमावला, असं आता वाटतं. त्याची शिक्षा न्यायाधीशाने ठरवली होती आणि ती संपली होती. आम्ही ती वाढवली, कुणी न विचारता, चहा पाजून.

म्हणून चित्रपटाच्या नावाकडे परत जातो. बारा हात काम मागायला आपल्या दारात येणार आहेत. त्या वेळी आपले दोन डोळे त्यांच्याकडे कसे पाहतात, इथे हा विषय येऊन थांबतो. कायदा सरकारने बदलायचा, कोर्टं वेगाने चालवायची, न्यायाधीन बंद्यांचा प्रश्न सोडवायचा, हे सगळं मागितलंच पाहिजे. पण राखणीचं काम सरकार देत नाही, मंडळी, ते आपण देतो.

आता तुमचे प्रश्न. आणि ज्यांचं कुणी गुन्ह्यात गेलं आहे, अशा घरचं कुणी इथे असेल, तर त्यांनी आधी बोलावं. आम्ही ऐकू.